पाच रुपयांचे पाकीट



या सदरात मी बहुधा ठेवी, नामनिर्देशन, इच्छापत्र अशा विषयांवर लिहीत असतो. संयुक्त खात्यांविषयीच्या गेल्या लेखावर आलेल्या पत्रांची उत्तरे पुढील अंकात अवश्य देईन. या वेळचा हिशोब निराळा आहे आणि तो लिहावा की न लिहावा, या विचारात पंधरा दिवस गेले. कारण तो घरातला आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्या माझ्या विहीणबाईंची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, “लिहा. पण माझी बाजूही लिहा.” ती लिहिण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न करतो.

माझी मुलगी इंदापूरला दिली आहे. घर किराणा व्यापाऱ्याचे, तीन पिढ्यांचे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. नातू सहा वर्षांचा. दिवाळीनंतर एका रात्री त्याची दाढ दुखू लागली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी त्याला घेऊन आमच्याकडे बारामतीला आली. दंतवैद्यांनी तपासले तेव्हा दुधाच्या चार दाढा किडलेल्या निघाल्या. त्यांपैकी दोन मुळापर्यंत. सहा वर्षांच्या मुलाच्या हिरडीत सुई टोचताना त्याचे दोन्ही हात मला धरावे लागले. बँकेतील नोकरीत मी जप्तीच्या वेळीही उपस्थित राहिलो आहे, परंतु त्या दिवशी मला बाहेर येऊन बाकावर बसावे लागले.

दुधाचे दात पडणारच, मग एवढा खटाटोप कशाला, असे मी विचारले. दंतवैद्यांनी शांतपणे समजावले की या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहायच्या असतात. पुढे येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्या राखून ठेवतात. मग त्यांनी एकच प्रश्न केला : “हा दिवसातून किती वेळा खातो?” किती खातो असे नव्हे, किती वेळा. साखर किंवा पिठूळ, चिकट पदार्थ दातांवर बसला की तोंडातील जीवाणू त्याचे आम्ल करतात. ते आम्ल दाताचे कवच झिजवते आणि पुढच्या काही वेळात लाळ ती झीज भरून काढू पाहते. मूल दर तासाला काहीतरी तोंडात टाकत राहिले, तर लाळेला ती सवडच मिळत नाही. जेवणाबरोबर खाल्लेला एक लाडू परवडतो. दिवसभर पुरवून खाल्लेला बिस्किटाचा पुडा परवडत नाही.

मुलीने इंदापूरला परत गेल्यावर आठ दिवस वहीत नोंद ठेवली आणि ती वही माझ्यापुढे आणून ठेवली. माझीच मुलगी, तिने तारीख, वेळ, पदार्थ आणि ‘कोणी दिले’ असे चार रकाने आखले होते. आठ दिवसांत एकोणतीस पाकिटे. मक्याचे कुरकुरे, क्रीमची बिस्किटे, जेलीच्या गोळ्या, नळीतून प्यायचा फळांच्या चित्राचा रस. चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच अक्षर होते : ‘बा’. म्हणजे आजी, माझ्या विहीणबाई. मात्र शनिवार-रविवारच्या ओळीत ‘नाना’ असेही तीन वेळा लिहिलेले होते. नाना म्हणजे प्रस्तुत लेखक. इंदापूरला जाताना रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून चॉकलेटची पेटी आणि खारी बिस्किटे मी नेहमीच नेतो. त्यामुळे वही वाचून मी प्रथम गप्प बसलो.

मुलीचे म्हणणे होते की बांशी मी बोलावे. ती बोलली की घरात दोन दिवस अबोला होतो. जावई बोलले की आई म्हणते, बायकोने शिकवून पाठवले. वाचकांना सांगायला नको की मुलीच्या बापाने तिच्या सासूला असे काही सांगणे म्हणजे काय. आमच्या पिढीत तर वेवाणीसमोर मोठ्याने हसणेही अप्रशस्त समजत. शिवाय ज्याचे स्वतःचे नाव थकबाकीदारांच्या यादीत आहे, त्याने वसुलीला जावे कोणत्या तोंडाने? तरी गेलो.

दुपारी दोन ते चार विहीणबाई गल्ल्यावर बसतात. जावई त्या वेळी जेवून विश्रांती घेतात. दुकानाच्या दर्शनी बाजूला, जेथे पूर्वी झाडू आणि सुतळीचे गुंडे टांगलेले असत, तेथे आता पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या लडी लोंबतात. रंगीत तोरणच म्हणा. शाळा सुटली की नातू दप्तरासह प्रथम दुकानात येतो, वर नंतर जातो. बा हात वर करून एक पाकीट तोडतात आणि तो पायरीवर बसून खातो. त्या दिवशी मी ते पाहत बसलो. मूल खात असताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो पाहिल्यावर वहीतले रकाने उघडण्याचा धीर होईना.

मी विषय काढताच त्या म्हणाल्या, “वेवाईजी, मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आला आहात.” आणि मग त्यांनी जे सांगितले ती त्यांची बाजू.

त्या लग्न होऊन इंदापूरला आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला. वाचकांपैकी ज्येष्ठांना तो आठवत असेल : रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, रोजगाराच्या कामावरची खडी आणि तेथे वाटली जाणारी सुकडी. यांचे घर व्यापाऱ्याचे, म्हणून उपासमार नव्हती. पण दुकानात माल नव्हता आणि उधारीच्या वह्या भरत होत्या. कामावरून परतणाऱ्या बाया पदरात बांधून आणलेली सुकडी दुकानाच्या पायरीवर बसून मुलांना वाटून देत. स्वतः खात नसत. “मी एकोणीस वर्षांची होते. बरण्या रिकाम्या होत्या. एका लेकराने गोळी मागितली, आणि मी नाही म्हणाले. ते तोंड अजून दिसते मला. आता दुकान भरलेले आहे आणि माझ्याच नातवाला मी नाही म्हणू?” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “आणि माझी तीन मुले काय तक्ते लावून वाढवली मी?”

यावर काय बोलणार? तीन मुले त्यांनी उत्तम वाढवली. त्यांतील एकाला मी मुलगी दिली. पण त्या मुलांच्या वेळी दुकानात लडी नव्हत्या. बरणीत लिमलेटच्या गोळ्या होत्या, बिस्किटे सुटी मोजून मिळत आणि ती सणासुदीची गोष्ट होती. आजीचा हात तोच आहे. त्या हाताला लागणारी वस्तू बदलली, हे त्यांच्या ध्यानात आलेले नव्हते. खरे सांगायचे तर वही वाचेपर्यंत माझ्याही आले नव्हते.

मी खिशातले भिंग काढले आणि म्हटले, “आपण वाद नको घालू. नुसते वाचू.” चाळीस वर्षे मी ताळेबंद वाचले. पाकिटाची मागची बाजू हाही एक ताळेबंदच असतो, आणि तोही जाणूनबुजून बारीक अक्षरांत छापलेला. त्याचे दोन-तीन नियम ध्यानात घ्यावेत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे जे पहिले, ते सर्वांत जास्त. क्रीमच्या बिस्किटावर मैदा, साखर आणि पामतेल या तिघांतच बहुतेक भांडवल संपले. दुसरे, साखर एकाच नावाने येत नाही. साखर, मग इन्व्हर्ट सिरप, मग लिक्विड ग्लुकोज. एकाच कर्जदाराने तीन नावांनी तीन खाती उघडावीत आणि प्रत्येक खाते लहान दिसावे, तसा हा प्रकार. तिसरे, पोषणाचे आकडे प्रायः शंभर ग्रॅमचे असतात. पाकीट किती ग्रॅमचे आहे ते पाहून गुणाकार आपणच करायचा.

विहीणबाई ऐकत होत्या, पण साखरेने त्यांचे फारसे काही बिघडलेले दिसले नाही. मग मक्याच्या कुरकुऱ्यांचे पाकीट हाती घेतले आणि मसाल्याच्या कंसातील शब्द मी मोठ्याने वाचले : कांदा पावडर, लसूण पावडर.

त्यांनी भिंग माझ्या हातून घेतले. स्वतः वाचले. दुसरे पाकीट तोडले, तिसरे तोडले. नूडल्सच्या मसाल्याची पुडी पाहिली. या बाईंचा कंदमुळाचा त्याग लग्नाआधीपासूनचा आहे. बटाट्याचे वेफर्स त्यांनी नातवाला कधी दिले नाहीत, एवढी काळजी घेतली होती. “पण याच्यावर हिरवा ठिपका आहे ना?” त्यांनी विचारले. आपल्यापैकी अनेकांचा हाच समज असतो. हिरवा ठिपका सांगतो तो शाकाहार कायद्याच्या व्याख्येतला. त्या व्याख्येत कांदा-लसूण चालतो, बटाट्याची पावडर चालते, मधही चालतो. तो ठिपका आपल्या आचाराची हमी देत नाही आणि देण्याचे त्याने कधी कबूलही केलेले नाही.

त्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला त्या बसल्याच नाहीत. मला वाईट वाटले. पण मुलगी मनातून सुखावली आणि मीही बारामतीच्या एसटीत बसताना काम फत्ते झाले असे समजत होतो.

ती समजूत दोन आठवडे टिकली. तिसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला : “नाना, लडी बदलल्या.” विहीणबाईंनी घाऊक व्यापाऱ्याकडून ‘जैन’ असे ठळक छापलेली पाकिटे मागवली होती. कच्च्या केळ्याचे वेफर्स, जैन भेळ, जैन नूडल्स, कांदा-लसूणविरहित कुरकुरे. तेल तेच, मीठ तेच, मैदा तोच. नातवाला उलट अधिक मिळू लागले, कारण आता आजीच्या मनावर ओझे नव्हते.

चूक माझी होती. हातात आलेला सोपा मुद्दा मी वापरला आणि खरा मुद्दा बाजूला राहिला. तारण भक्कम आहे म्हणून कर्जदाराची परतफेडीची ताकद न पाहता कर्ज मंजूर करावे, तसे हे झाले. आपल्या समाजात ही चूक माझ्या एकट्याची नाही, असे मला वाटते. पाकिटावर आपले नाव दिसले की आपण मागची बाजू उलटून पाहत नाही.

मग मी पुन्हा गेलो, आणि या वेळी आकडे घेऊन गेलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर (तीत मध आणि फळांचे रसही आले) दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेतेराशे किलोकॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे १७ ग्रॅम साखर, चहाचे जेमतेम चार चमचे. सकाळच्या दुधात आपण दोन चमचे घालतो, उरले दोन. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. त्या परिपत्रकात चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या आहारात साखरेचा वाटा १३ टक्के आणि अकरा ते अठरा वयोगटात १५ टक्के असल्याचे नमूद केले आहे, शिफारस ५ टक्क्यांची असताना.

हे मी सांगतो आहे ते साखरेच्याच मुलखात बसून, याचीही मला जाणीव आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वसवले; ते आपल्याच समाजातले, सोलापूरचे. पुढे सहकारी कारखाने आले : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. माझ्या नोकरीची काही वर्षे साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या मोजण्यात गेली, कारण माल बँकेकडे तारण असे आणि गोदामाची एक किल्ली आमच्याकडे असे. आज बारामतीच्या एमआयडीसीत इटलीच्या फेरेरो कंपनीचा चॉकलेटचा कारखानाही आहे. साखरेने या तालुक्यांत शाळा उभ्या राहिल्या, विहिरींवर मोटारी बसल्या, आपली दुकाने चालली. ती विष आहे असे म्हणणे मला जमणार नाही. पोत्यात ती मोजता येत होती. पाकिटात ती मोजेनाशी झाली, एवढेच.

विहीणबाईंनी या वेळी आकडे ऐकून घेतले. पण खरा पेच जावयांनी टाकला. ते शांतपणे म्हणाले, “बाबा, समजा उद्यापासून आपल्या मुलाला बंद केले. मग समोरच्या शाळेची चारशे मुले हीच पाकिटे माझ्याकडून नेतात, त्यांचे काय? स्वतःच्या लेकराला जे देत नाही, ते मी दुसऱ्याच्या लेकराला विकायचे?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजून पूर्णपणे नाही. राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ ठेवण्यास मनाई केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिमेद, अतिसाखर, अतिमीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात किंवा शाळेपासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. दुकानातून बाहेर पडून मी शाळेच्या फाटकापर्यंत पावले मोजली. पंचावन्न भरली. माझे पाऊल अडीच फुटांचे धरले तर अंतर ५० मीटरच्या आतच येते. हे मी जावयांना सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. “मी लड काढली तर पलीकडच्या दुकानात जातील,” ते म्हणाले. तेही खरे. पाच रुपयांच्या पाकिटात सुटते थोडे, पण माल पडून राहत नाही आणि पैसे रोख येतात. ज्याचे गिऱ्हाईक दर महिन्याला मॉलकडे सरकते आहे, त्या किराणा व्यापाऱ्याला ही रोकड सोडा म्हणणे पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला फार सोपे आहे. आपल्या शास्त्रांत श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, पंधरा कर्मादाने. त्यांत विषाचा व्यापार येतो. कुरकुऱ्यांचा कोणत्या रकान्यात घालायचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. आपल्यातील अनेक दुकानांत गुटखा आणि विडी कधी ठेवली गेली नाही आणि ती दुकाने बंद पडली नाहीत, इतके मात्र मी पाहिले आहे.

जावयांनी त्या दिवशी लडी काढल्या नाहीत. दर्शनी खिळ्यावरून त्या मागच्या फळीवर नेल्या, मागितले तर द्यायचे असे ठरवले. समोर राजगिऱ्याच्या आणि शेंगदाण्याच्या चिक्क्यांच्या बरण्या मांडल्या. चिक्कीतही गूळ असतोच, असे मुलीने लगेच निदर्शनास आणून दिले. माझ्या पत्नीने तिला खुणेनेच गप्प केले.

घरातला तंटा मात्र वेगळ्याच वाटेने निवळला, आणि त्याचे श्रेय माझ्याकडे नाही. माझी पत्नी विहीणबाईंशी स्वयंपाकघरात तासभर बोलत होती. बाहेर येऊन ती मुलीला म्हणाली, “त्यांच्या हातातून काढून घेतेस, पण त्यांच्या हातात देतेस काय? दुपारचे खाणे तू डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवतेस आणि बांनी नुसते बघत बसायचे?” मुलीला हे लागले. तिचा वेळेचा, पोषणाचा सगळा विचार बरोबर होता. त्या विचारात आजीला जागा नव्हती. तेव्हापासून शाळा सुटल्यानंतरचे खाणे बांकडे सोपवले आहे. वेळ एकच, पदार्थ बांनी ठरवायचा, पाकीट फक्त रविवारी आणि तेही जेवणाबरोबर. विहीणबाईंचे खाकरे आमच्या सर्व नातेवाइकांत नावाजलेले आहेत. गेली पाच-सात वर्षे त्यांनी ते केले नव्हते, कारण कोणी मागत नव्हते. आता तूप लावलेला खाकरा, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, कधी डाळिंबाचे दाणे. इंदापुरात डाळिंबाला काय तोटा! नातू पहिला आठवडा रुसला, दुकानाच्या पायरीवर आडवा पडून रडला, आणि विहीणबाईंनी दोनदा लपवून पाकीट दिले, हेही नमूद करतो. वही अजून चालू आहे. गेल्या महिन्याची बेरीज सहा होती. दाढांवर टोप्या बसवल्या आहेत. दंतवैद्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.

जाता जाता एक विनंती, कारण पर्युषण फार दूर नाही. पाठशाळेतील मुलांना आपण प्रभावना देतो, ती अलीकडे बहुधा पाकिटांचीच असते. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसानिमित्त मीच सव्वाशे पाकिटे दिली होती आणि माझ्या नावाची घोषणा झाली तेव्हा मला बरे वाटले होते. या वर्षी मी समितीपुढे विषय काढला. उत्तरे अपेक्षित होती : पाकीट खराब होत नाही, मोजायला सोपे, आणि मुले त्यासाठीच येतात. तिसरे कारण ऐकून सभेत कोणी हसले नाही. निर्णय पुढील बैठकीवर गेला आहे. आपापल्या गावी वही, पेन्सिल, सुका मेवा असे काही देऊन पाहिलेल्या वाचकांनी उपस्थितीत काय फरक पडला ते मला अवश्य कळवावे. बैठकीत मांडायला आकडे हवे आहेत.

भिंग मी इंदापूरला दुकानातच विसरलो होतो. गेल्या रविवारी विहीणबाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी ते पिशवीतून काढले, मला वाटले परत देण्यासाठी. चहाबरोबर माझ्या बशीत होते ते बिस्किटाचे वेष्टन त्यांनी उचलले, भिंग लावले आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझी जेवणानंतरची साखर गेल्या तपासणीत किती निघाली, हे त्यांना कोणी सांगितले ते मी अजून शोधतो आहे.